कामगंध सापळ्यात पतंग येत नाहीत? या चुका टाळा

कपाशीत सापळे लावून आठवडा झाला तरी पिशवी रिकामीच, ही तक्रार दर हंगामात कानावर येते. बहुतेक वेळा सापळा चांगलाच असतो. पतंग वासाचा माग कसा काढतो, हे मात्र लावताना लक्षात घेतलेलं नसतं.

गुलाबी बोंडअळीची मादी रात्री गंध सोडते. सापळ्यातल्या ल्युरमध्ये, म्हणजे वासाच्या आमिषात, त्याचीच नक्कल असते, गॉसिप्लुअर. हा वास चुलीच्या धुरासारखा तुटक तुटक वाहतो. नराच्या मिशांना त्याची एक झुळूक लागली की तो वाऱ्याच्या तोंडाकडे उडतो. वास तुटला की डावीउजवीकडे नागमोडी फिरून पुन्हा शोधतो. वाऱ्याशिवाय त्याला वाट सापडत नाही.

म्हणून सगळ्यात महाग पडणारी चूक उंचीची. लावताना सापळा बरोबर असतो, पण महिनाभरात कपाशी कंबरेला लागते आणि तो पानांत बुडतो. तिथे वारा खेळत नाही, माग मोडतो. सापळा शेंड्यापेक्षा फूटभर वर हवा. काठी आधीच उंच रोवा आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवा.

ल्युर उघड्या हाताने धरू नका. पहिल्या वर्षी मी फवारणी करून आलेल्या हातानेच सगळी ल्युर बसवली होती, अजून हळहळ वाटते. अमेरिकन बोंडअळीचं हेलील्युर वेगळं असतं. एका सापळ्यात दोन ल्युर नकोत. पाकिटावरची मुदत, साधारण 3 ते 4 आठवडे, संपली की ल्युर बदला. बसवल्याची तारीख सापळ्यावरच लिहून ठेवा. जुनं ल्युर धुऱ्यावर फेकू नका, उरलासुरला वास तिथेही नर ओढतो.

आता उलटी चूक. पिशवी भरली म्हणून निर्धास्त होऊ नका. सापळ्यात फक्त नर येतात; शेजारच्या शेतात मिलन झालेली मादी तुमच्या पात्यांवर (कळ्यांवर) आणि बोंडांवर खुशाल अंडी घालते. टेहळणीसाठी हेक्टरी 5 सापळे लावा आणि रोज सकाळी मोजा. सलग 3 रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले, की उपाय करायची वेळ झाली. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, वेचा आणि शेतभर फिरून 20 हिरवी बोंडं फोडा. त्यात 2 किडकी निघाली तरी प्रादुर्भाव 10 टक्के झाला. वरून बघून भागत नाही; अळी आत शिरली की छिद्र बुजतं आणि बोंड धडधाकट दिसतं.