चवथीच्या गोतावळ्यात नास्तिकाने नीतीचा वाद कसा घालावा

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे मूळ घरी जमले की जेवणानंतर कोणीतरी काका विचारतातच, ‘देव मानत नाहीस, मग वाईट वागायला तुला अडवतो कोण?’ प्रश्न रास्त आहे, टाळू नये. पण आरती व्हायची असेल किंवा पाहुण्यांची ये-जा चालू असेल तर विषय संध्याकाळवर ढकला. भरल्या घरासमोर कोणतेही काका माघार घेत नाहीत. सोप्यावर दोघे-तिघे बसलेले असावेत, हाताशी अर्धा तास असावा.

आधी तीन प्रश्न वेगळे करा: देव आहे का, धर्माचा समाजाला उपयोग होतो का, आणि बरे-वाईट कशावरून ठरते. पहिल्यात अडकलेला माणूस हमखास दुसऱ्यावर उडी मारतो, ‘जत्रेमुळे गाव एकत्र येतो ना?’ येतो. मान्य करून टाका. त्याने देव सिद्ध होत नाही आणि तुमचेही काही जात नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी उदाहरण कौलाचे घ्या. कौल म्हणजे देवाला विचारलेला प्रश्न: मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि कोणती पडते ते पाहतात. साधारणपणे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, देवळागणिक रीत थोडी बदलते. नवखा नास्तिक इथे ओलावा आणि पंख्याचा वारा काढतो. मुद्दा बरोबर असेल, पण त्याने माणूस दुखावतो आणि नीतीचा प्रश्न तिथेच राहतो. त्यापेक्षा विचारा, ‘काका, भावाला घराबाहेर काढू का, असा कौल लावला आणि उजवी पडली, तर काढाल?’ बहुतेक उत्तर येते, ‘देव असला कौल देणारच नाही.’ लगेच टाळी मागू नका. एवढेच विचारा, ‘देणार नाही, हे तुम्हाला कशावरून कळले?’ अन्याय कशाला म्हणायचे हे काकांना पाकळी पडण्याआधीच ठाऊक होते. सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडून हेच विचारले: देवांना आवडते म्हणून ते चांगले, की चांगले आहे म्हणून देवांना आवडते? मुरलेला आस्तिक म्हणेल, चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे. हे उत्तर वजनदार आहे, हसण्यावारी नेऊ नका. त्या स्वभावाला ‘चांगला’ कोणत्या मापाने म्हणायचे, हे मात्र विचारा.

आता तुमची पाळी. ‘विज्ञान सांगते म्हणून’ हे उत्तर इथे चालत नाही. जे आहे त्यावरून जे असावे ते आपोआप निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवले. कोणाला इजा होते, कोणाची संमती होती, जागा बदलली तर तोच नियम मला मान्य होईल का, अशी कारणे द्या.

गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातले चर्चचे धर्मन्यायालय (१५६०–१८१२), वादात ओढू नका. समोरच्या ख्रिस्ती मित्राने ते केलेले नाही, आणि काकांना लगेच आपला धर्म श्रेष्ठ ठरवायची संधी मिळते. सोव्हिएत राजवटीने श्रद्धाळूंचा छळ केला, हे मात्र कोणी विचारण्याआधी आपणहून सांगा. ‘नास्तिकपणा परदेशी आहे’ असे कोणी म्हणालेच, तर वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनातल्या कुमारिल भट्ट या जुन्या पंडिताचे नाव घ्या: वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता ईश्वर त्याने नाकारला.

वादाला खरा विषय हवा असेल तर बहिणीची सही घ्या. गोव्यात वारसाहक्काचा कायदा सगळ्या धर्मांना एकच आहे आणि मुलीचा वाटा मुलाइतकाच. तरी हक्क सोडल्याच्या कागदावर बहिणीची सही घेणारी घरे आहेत, देवपूजेची आणि बिनदेवाचीही. तिने राजीखुशीने केली की भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून? इथे आस्तिकाला पोथी पुरत नाही आणि तुम्हाला तर्कशास्त्र. दोघांनाही बहिणीला बोलवावे लागेल.

आणि चर्चा व्हॉट्सॲपवर नेऊ नका. तिथे सूर दिसत नाही, स्क्रीनशॉट फिरतो. जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने धर्माचा अपमान करण्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. टीका हा गुन्हा नव्हे, पण ते पोलीस ठाण्यात समजावत बसावे लागते.