पाणचक्की पाहायची तर पाण्याच्या वाटेनं या

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत लोक येतात, हौदाजवळ फोटो काढतात आणि निघतात. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मी आधी त्या उंच भिंतीसमोर उभं करते. माथ्यावरून पाणी कोसळतंय. पंपाशिवाय ते एवढं चढलं कसं?

शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून काही किलोमीटर येतं. पाण्याची ही वाट म्हणजे नहर. नळ सगळीकडून बंदिस्त, म्हणून दाब टिकतो आणि पाणी उगमाच्या उंचीकडे परत चढू पाहतं. वाटेत चुन्यात बांधलेले मनोरे लागतात. नळात कोंडलेली हवा तिथून निघून जाते. (निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची नहर वेगळी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. या दोन नहरींची गल्लत फार होते.)

आता चक्कीशी या आणि पहिल्यांदा खाली वाका. पात्यांचं चाक उभं नाही, आडवं आहे. पाण्याचा झोत पात्यांवर बसतो, चाक फिरतं आणि त्याचाच उभा दांडा खालच्या तळीतून, म्हणजे जात्याच्या खालच्या दगडातून, वर येऊन वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चाक एकही नाही, म्हणून चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. घरच्या जात्यात खुंटा धरून हात जे करतो, ते इथे पाणी करतं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ इथेच निघे. हौदाखालचं दालनही चुकवू नका: हौदाचा तळ हेच त्याचं छत, म्हणून उन्हाळ्यातही आत गारवा असतो.

जपणुकीचं म्हणाल तर चक्कीपेक्षा मला नहरीची काळजी जास्त वाटते. नळ फुटला की चक्की नुसती शोभेची. चुन्याच्या दरजांत सिमेंट भरलं तर ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दुरुस्ती चुन्यातच व्हायला हवी. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका, मूळ सांधा उकलून बाहेर येतं. व्यवस्थापनाला दाखवा.

आणि ही नहर जिकडून येते त्या हर्सूलच्या बाजूला जाणं झालं, एखादा पडका मनोरा दिसला, तर चारही बाजूंनी फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी धरा, मोबाइलवर जागेची खूण करा, तडा कुठून सुरू होतो ते लिहा आणि हे सगळं महापालिकेकडे लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.