संयुक्त बँक खाते आणि मेडिकेडची दीर्घकालीन शुश्रूषा
अमेरिकेत दीर्घकालीन शुश्रूषेच्या खर्चासाठी मेडिकेडकडे (कमी उत्पन्न व मालमत्ता असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य-साहाय्य योजनेकडे) अर्ज करण्यापूर्वी संयुक्त खाती तपासावीत, कारण खात्यावर मुलीचेही नाव असले तरी त्यातील संपूर्ण शिल्लक सामान्यतः अर्जदाराचीच धरली जाते आणि अनेक राज्यांत एकट्या अर्जदाराची मालमत्ता-मर्यादा जेमतेम २,००० डॉलर आहे. मुलीने स्वतःचे पैसे भरले असतील, तर पगाराच्या नोंदी, धनादेश व जुनी खातेविवरणे जोडून ते सिद्ध करावे. नुसता तोंडी खुलासा पुरत नाही. तिने अर्जदाराचे पैसे स्वतःसाठी काढले, तर तेही हस्तांतरण ठरू शकते, आणि बहुतेक राज्यांत मागील ६० महिन्यांचे असे व्यवहार तपासून पात्रता लांबवली जाते. केवळ बिले भरण्याची सोय हवी असेल, तर माझ्या मते मुखत्यारपत्र बरे. पती-पत्नींची मालमत्ता मात्र सहसा एकत्रच मोजली जाते.