झेनकुत्सू-दाची: आधी मागची टाच बघा

शोतोकान शैलीच्या कराटेत व्हाइट बेल्टचा, म्हणजे नवशिक्याचा, निम्मा वेळ झेनकुत्सू-दाचीतच जातो: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ असा लांब पवित्रा (दाची म्हणजे पवित्रा). आरशासमोर पोरं पुढचा गुडघा किती वाकलाय ते बघत बसतात. मी मागची टाच बघते. ती उचलली गेली की पंचमधला जोर गेलाच.

गच्चीवर खडूने खांद्याएवढ्या अंतरावर दोन समांतर रेघा मारा. डावा पाय डाव्या रेघेवर पुढे, उजवा उजव्या रेघेवर मागे. दोन पावलांत लांबी साधारण खांद्याच्या दुप्पट. पुढचा गुडघा अंगठ्याच्या बरोबर वर, आत झुकलेला नको. मागचा पाय सरळ, त्याची बोटं जमेल तितकी पुढे. पुढच्या पायावर अंदाजे ६० टक्के वजन. घोटा आखडलेला असेल तर टाच टेकत नाही. अशा वेळी दाची आखूड करा. खोल बसण्याची हौस नंतर. १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटे घेऊन आलेल्या फुनाकोशी गिचिन यांच्या जुन्या फोटोंतल्या दाची आजच्यापेक्षा चांगल्याच उंच आहेत.

आता चालणं. खरी गंमत इथे आहे, आणि इथेच सगळे घाई करतात. मागचा पाय आधी आत, पुढच्या पायाजवळ येतो आणि मग बाहेर आपल्या रेघेवर जातो. तळवा जमिनीला घासल्यासारखा. पाय जवळ आले की गुडघे सरळ करायचा मोह होतो आणि डोकं वर उसळतं. जोडीदाराला तुमच्या डोक्यावर दोन बोटं अंतर ठेवून हात धरायला सांगा; हात लागला की तिथेच थांबून परत. निघण्याआधी पुढचं पाऊल बाहेर वळतंय का तेही त्याला बघू दे. ते वळलं की समोरच्याला कळतं, हा आता येणार.

मावात्तेला, म्हणजे मागे वळताना, उजवा पाय मागे असेल तर तो आडवा सरकवून डाव्या पायाच्या पलीकडे खांदाभर न्या, मग कंबर फिरवा. पलीकडे तिसरी रेघ मारून ठेवलेली बरी. पाय कमी सरकला तर वळल्यावर दोन्ही पावलं एकाच रेघेवर येतात आणि खांद्याला नुसतं बोट लावलं तरी माणूस डुलतो.

कोकुत्सू-दाची (वजन ७० टक्के मागे) हेआन शोदान या काताच्या (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या) शेवटी शुतो-उकेबरोबर, म्हणजे हाताच्या कडेने वार अडवताना, येईलच. कीबा-दाचीला पावलं समांतर, गुडघे बाहेर ढकललेले. तेक्की शोदान काता सगळी त्यातच आहे.

पावसाळ्यात ओल्या फरशीवर हे करू नका, आणि मोजे घालून तर कधीच नाही.