नदीतलं रसायन शोधताय? या चुका टाळा

रंगावर जाऊ नका. २०१७ साली नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत कुत्री निळी झाली आणि कासाडी नदीची बोंबाबोंब झाली. पण कापडाचा रंग चिमूटभर असला तरी दिसतो. पारा, कॅडमियम नितळ पाण्यातही असतात. फेसाचंही तसंच. इंद्रायणीवर फेस दिसला की सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारतात, त्यात घरोघरचा साबणही असतो.

टीडीएस मीटरवर तर मुळीच विसंबू नका. त्याला क्षार कळतात. सॉल्व्हंट (इतर पदार्थ विरघळवणारी रसायनं), कीटकनाशक कळत नाही. खाडीजवळ नुसत्या भरतीनेही आकडा हजारांत जातो.

खरा घोळ बाटलीत होतो. मिनरल वॉटरच्या एकाच रिकाम्या बाटलीतून सगळं तपासून मिळत नाही. शिसं, कॅडमियमसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यायची आणि नायट्रिक ॲसिडने पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) २च्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून बसतात. हेच ॲसिड हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) नमुन्यात पडलं तर ते बदलून साधं क्रोमियम होऊ शकतं आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो. सायनाइडच्या नमुन्यात पडलं तर विषारी वायू सुटतो! तिथे उलट कॉस्टिक सोडा घालून पीएच १२च्या वर न्यावा लागतो. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली, तीही नदीच्या पाण्याने न विसळता. ही कामं लॅबच्या माणसाकडूनच करून घ्या. पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन मात्र काठावरच मोजायचा.

लॅबला “सगळं तपासा” म्हणू नका. मागाल तेवढंच ती शोधते. आधी वरच्या अंगाला काय चालतं ते बघा. प्लेटिंग (धातूवर मुलामा देण्याचं काम) असेल तर क्रोमियम, निकेल, सायनाइड. औषध कंपन्या असतील तर सॉल्व्हंट. सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) भरमसाट आणि बीओडी (जिवाणूंना ती घाण खायला लागणारा ऑक्सिजन) जेमतेम असेल, म्हणजे जिवाणूंना न पचणारं बरंच काही असेल, तर संशय कारखान्यांवर घ्यायला हरकत नाही, फक्त खाडीच्या खारटपणाने सीओडी फुगलेला नाही ना, ते पाहा. नमुना नाला मिळण्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडचा हवा.

कारखान्याच्या पाइपातून तुम्ही भरलेली बाटली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १९७४च्या जल कायद्याच्या कलम २१ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोटीस देऊन, दोन भाग करून, सील केलेला नमुनाच लागतो. त्यामुळे नदीच्या पाण्याचा रिपोर्ट जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.