चकलीची रेघ आणि करवतीची रेघ: लहान मुलांना रेषा शिकवताना

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रेषांचे प्रकार शिकवायचे म्हणजे फळ्यावर सात-आठ रेघा ओढून त्यांची नावे घोकून घ्यायची, हा समज आधी बाजूला ठेवावा. रेषा ही हाताच्या आणि अंगाच्या हालचालीची खूण असते; ती हालचाल मुलाने स्वतः केल्याशिवाय ‘तिरपी’ किंवा ‘वक्र’ हा शब्द त्याला काहीच सांगत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी कागद काढूच नये. मुलांना ताठ उभे करावे, मग चटईवर आडवे झोपवावे आणि नंतर घरात किंवा वर्गात उभ्या-आडव्या रेषा शोधायला सांगावे. खिडकीचे गज, उंबरठा, कपडे वाळत घालण्याची दोरी त्यांना लगेच सापडतात.

तिरप्या रेषेला मात्र वेळ द्यावा लागतो. मूल साधारणपणे 2 वर्षांच्या सुमारास उभी रेघ, 3 च्या सुमारास वर्तुळ आणि 4 च्या सुमारास अधिकचे चिन्ह पाहून काढू लागते, पण त्रिकोण जमायला बहुधा 5 वर्षे उलटतात, कारण त्याच्या बाजू तिरप्या असतात. माझ्या वर्गातील एका मुलीची तिरपी रेघ दर वेळी उभीच होत असे. तिला भिंतीला टेकवलेल्या केरसुणीवरून वरून खाली बोट फिरवायला लावले, आणि तिसऱ्या खेपेस पाटीवरची रेघ आपोआप कलली. तिचा हात धरून रेघ काढून घेतली असती, तर ती रेघ माझी झाली असती.

नागमोडी रेघ आणि करवतीच्या दात्यांसारखी रेघ यांत मुलांचा नेहमी गोंधळ होतो. जमिनीवर खडूने दोन्ही मोठ्या काढून त्यांवरून मुलांना चालवावे. नागमोडी वाटेवर पाय न थांबता वळत जातात, तर करवतीच्या वाटेवर प्रत्येक कोपऱ्याशी थबकून दिशा बदलावी लागते. हा फरक पायांना कळला की हातालाही कळतो.

सर्वांत आनंदाचा धडा चकलीचा. मऊ भिजवलेल्या कणकेची लांब वळी मुलांकडून करून घ्यावी आणि एक टोक मध्ये ठेवून उरलेली वळी त्याच्याभोवती गुंडाळायला लावावी. कागदावर येताना बहुतेक मुले चकलीऐवजी एकात एक अशी सुटी वर्तुळे काढतात. त्या वेळी चूक न दाखवता, मधल्या ठिपक्यावर बोट ठेवून रेघेवरूनच बाहेर यायला सांगावे. वाट मिळाली तर ती चकली, अडकले तर ते वर्तुळ. मुले स्वतःच तपासतात आणि पुन्हा काढायला बसतात.

यानंतर वारली चित्र दाखवावे. पालघर जिल्ह्यातील वारली समाजात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने ही चित्रे काढली जातात. माणसाचे धड म्हणजे टोकाशी टोक जुळवलेले दोन त्रिकोण, हातपाय म्हणजे साध्या रेघा, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांची रांग बहुधा चकलीसारखीच फिरत जाते. जिव्या सोमा म्हशे यांना याच कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली. मात्र मुलांकडून चित्राची नक्कल करून घेऊ नये. ‘यात तुझी कोणती रेघ दिसते?’ एवढेच विचारावे.

साहित्य साधेच असावे: पाटी, जाड खडू, तेलखडू आणि जुन्या वर्तमानपत्राचा पूर्ण पसरलेला कागद. लहान वहीत केवळ बोटे हलतात, मोठ्या कागदावर खांद्यापासून हात फिरतो, आणि या वयात तेच हवे असते. पट्टी मुळीच देऊ नये. अक्षरे गिरवून घेण्याची घाईही इथे नको. काना, शिरोरेषा, उकार याच रेषांतून पुढे येणार आहेत.

प्रत्येक कागदामागे तारीख घालावी आणि मुलाने आपल्या रेघेला दिलेले नाव त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. तुटक रेघेला एका मुलाने ‘थांबून थांबून पडणारा पाऊस’ म्हटले होते. त्या वर्षी आमच्या वर्गात तुटक रेघेचे तेच नाव चालले.