तारकर्लीच्या चार रात्री आणि घरचं वायफाय: एका वहीतले दोन हिशेब

सहलीचं बजेट बहुतेक घरांत खोलीच्या भाड्यावरून ठरतं आणि इंटरनेटचं पॅकेज जाहिरातीतल्या महिन्याच्या आकड्यावरून. दोन्हीकडे चूक एकच. खोली २,२०० रुपयांची, चार रात्रींचे ८,८०० झाले, म्हणजे वीसेक हजारांत भागेल असं धरलं जातं आणि परतल्यावर खर्च पंचेचाळीस हजारांवर गेलेला दिसतो. नेटचे ‘फक्त ४९९’ प्रत्यक्षात ५८८ रुपये ८२ पैसे होतात, कारण १८ टक्के जीएसटी जाहिरातीत धरलेला नसतो. म्हणून सहलीचा हिशेब घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मांडायचा आणि नेटचा बारा महिन्यांचा.

उदाहरणासाठी डोंबिवलीचं चौघांचं कुटुंब घेऊ: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आजी. दिवाळीच्या सुट्टीत कुडाळमार्गे तारकर्ली.

आधी तिकिटं, मग खोली

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती). १३ नोव्हेंबरला निघायचं तर १४ सप्टेंबरला सकाळी लॅपटॉपपुढे बसायचं. परतीचं तिकीट १८ नोव्हेंबरचं असेल तर ते १९ सप्टेंबरला उघडेल, त्यामुळे दोन्ही तिकिटं एकाच दिवशी निघत नाहीत. जातानाचं हाती आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत परतीच्या गाड्याच आधी भरतात.

तारखेचा एक सापळा नेहमीचा. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री ००:०५ ला सुटते. १३ तारखेच्या रात्री जेवून घरातून निघणाऱ्याचं तिकीट १४ तारखेचं हवं. १३ चं काढलं असेल, तर तुम्ही फलाटावर पोचाल तेव्हा गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वी गेलेली असेल. कोकणकन्या सीएसएमटीहून मध्यरात्रीआधी सुटते, पण पनवेलला चढणार असाल तर तारीख बदलते का, हे तिकिटावर नीट वाचा.

मुलाचं वय पाच ते बाराच्या आत असेल तर स्वतंत्र बर्थसाठी पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. रात्रभराच्या प्रवासात नऊ वर्षांच्या पोराला पायाशी झोपवून वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चिडचिडीत वसूल होतात, बर्थ घ्या. आजींना खालचा बर्थ हवा असेल तर त्यांचं तिकीट चौघांच्या तिकिटात गुंफू नका. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरचे पुरुष किंवा ४५ वर्षांवरच्या स्त्रिया एकट्या असतील, किंवा अशा दोघांचंच एकत्र तिकीट असेल, तरच लागू होतो. मग दोन पीएनआर होतात आणि डबे वेगळे येऊ शकतात. आजींना एकटं बसवायचं नसेल तर सर्वसाधारण तिकिटात ‘खालचा बर्थ’ ही पसंती द्या आणि गाडीत अदलाबदलीची तयारी ठेवा. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती हिशेबात धरू नका.

तत्काळवर भिस्त ठेवून बजेट करू नये. तरी वेळ आलीच, तर प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १०, बाकीसाठी ११ वाजता, आणि आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं हवं. ही जोडणी आयत्या वेळी करायला घेतली की ओटीपीची वाट बघण्यातच तिकिटं संपतात.

एसटीचा हिशेब वेगळा आणि बराच गमतीचा. मार्च २०२३ पासून महिलांना सर्व प्रकारच्या एसटीत अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं. या कुटुंबात पूर्ण तिकीट एकट्या बापाचं. बायको, आजी आणि मुलगा मिळून दीड. चार माणसं अडीच तिकिटांत. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला आजींची कंबर साथ देणार नसेल तरी कुडाळ-मालवण अंतराला हा हिशेब वापरता येतो. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, पुढे गोव्याला जाणार असाल तर हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण लागतं.

पुण्याहून स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी पेट्रोलचा हिशेब शहराबाहेरच्या मायलेजवर करू नये. घाट, एसी आणि टपावरचं सामान धरून रोजच्यापेक्षा दोन किलोमीटर कमी धरा. कोल्हापूरपर्यंत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके आहेत, जाऊन-येऊन आठ. फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ मध्ये ३,००० रुपयांचा) २०० फेऱ्यांचा असतो आणि एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे सगळ्या फेऱ्या वापरल्या तर नाक्यामागे साधारण १५ रुपये. वर्षातून अशा किती सहली होतात ते मोजून पास परवडतो का ते ठरवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो चालत नाही, हे मुंबईकरांनी लक्षात ठेवावं.

खोलीच्या दरात काय काय नसतं

होमस्टेवाल्याला फोन केला की चार गोष्टी विचारायच्या: जादा गादीचे किती, चेक-इन किती वाजता, नाश्ता धरून आहे का, आणि जीएसटी वेगळा का. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून जास्त भाडं असेल तर १८. घरगुती राहण्याची सोय करणारे बरेच जण लहान उलाढालीमुळे जीएसटीत नोंदलेलेच नसतात, त्यांनी जीएसटी लावायचा नसतो. लावला तर बिलावर नोंदणी क्रमांक बघा.

चेक-इनचा प्रश्न रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांना हमखास नडतो. गाडी सकाळी कुडाळला सोडते आणि खोली अकरा-बाराला मिळते. परतीच्या दिवशी उलट: खोली दहाला सोडायची आणि गाडी संध्याकाळी किंवा रात्री. सामान ठेवायला आणि अंघोळीला जागा मिळेल का, हे आधी ठरवा, नाहीतर अर्ध्या दिवसाचं भाडं अंगावर येतं. याच कारणाने चार रात्रींच्या सहलीत जेवण पाच दिवसांचं असतं. बजेट फुटतं ते बहुधा इथेच.

आता वही उघडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या तारखेचे दर विचारून बदला.

रेल्वे, थ्री एसी, माणशी १,०५० धरून चौघांचं जाऊन-येऊन: ८,४००
घर ते स्टेशन, दोन्ही वेळा: ५००
कुडाळ ते तारकर्ली रिक्षा, दोन्ही वेळा: १,८००
खोली २,२०० अधिक जादा गादी ४००, चार रात्री: १०,४००
खाणं, रोज २,२५० प्रमाणे पाच दिवस: ११,२५०
फिरायला दोन दिवस ठरवून रिक्षा: २,४००
किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ: ३,०००
काजू, कोकम, खाजं: २,५००
निघण्यापूर्वीची खरेदी, औषधं: १,५००

बेरीज ४१,७५०. अडीअडचणीला सुमारे दहा टक्के, म्हणजे ४,१५०. एकूण ४५,९००. ज्या खोलीच्या भाड्यावरून सगळं ठरवत होतो, तिचे ८,८०० यात पाचवा हिस्साही नाहीत. म्हणून भाड्यात २०० रुपयांची घासाघीस करून गावापासून चार किलोमीटर आतली खोली घेऊ नका. रोज दोन वेळा जेवायला जाण्याच्या रिक्षातच ते जातील.

जेवणाचे २,२५० असे आले: दुपारी तीन मासळीच्या थाळ्या ३५० च्या आणि मुलाला १५० चं काहीतरी, १,२००. रात्री साधं, ७०० पर्यंत. चहा-नाश्त्याला ३५०. थाळीची पाटी ‘सुरमई ३५०’ म्हणते, पण वाढप झाल्यावर जादा तळलेला तुकडा मागवला की तो वेगळा लागतो आणि तुकड्याचा भाव आकारावर असतो. मागवण्यापूर्वी विचारलं तर कुणाला राग येत नाही. मे महिन्यात जात असाल तर आणखी दोन गोष्टी: महिनाअखेरीपासून पाण्यातले खेळ आणि किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यात ढकलून खोली स्वस्त मिळेल, पण ज्यासाठी गेलात ते मिळणार नाही.

४५,९०० दहा महिन्यांत जमवायचे तर महिन्याला ४,५९० लागतात. आरडीची किमान मुदत बँकेगणिक वेगळी असते, ती आधी विचारा. तिची मुदत तिकिटं उघडण्याच्या आठवड्यात संपेल अशी धरा, निघायच्या आठवड्यात नाही. तिकिटं आणि खोलीची आगाऊ रक्कम दोन महिने आधी लागते.

नेट: किती वेग पुरतो

यातला एक हप्ता जवळजवळ पूर्ण नेटच्या बिलातून निघू शकतो. चाळीसेक एमबीपीएसचं (सेकंदाला मेगाबिट, नेटच्या वेगाचं माप) ४९९ चं पॅकेज आणि शंभरचं ७९९ चं, असे दोन पर्याय समोर असतील तर जीएसटी धरून वर्षाचे ७,०६६ आणि ११,३१४ होतात. फरक ४,२४८. वरच्या वहीत चौघांचं एका बाजूचं रेल्वेभाडं ४,२०० आहे.

पुरेल का, हे एका संध्याकाळचा वापर मोजून ठरवा. फोर-के सिनेमाला १५ एमबीपीएस धरा (टीव्ही एचडी असेल तर त्याऐवजी ५), ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला ४, मुलाच्या क्लासला ४, बाकी मोबाइलना मिळून १०. सगळं एका वेळी चाललं तरी ३३. टीव्ही फोर-के नसेल तर २३. शंभर एमबीपीएस लागतं ते मोठ्या फायली सतत वर चढवणाऱ्यांना किंवा दिवसाआड मोठे गेम उतरवणाऱ्यांना. एमबीपीएसला आठने भागलं की एमबी मिळतात: शंभरच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा एमबी.

विक्रेत्याकडून हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: अपलोडचा वेग, मर्यादा किती जीबी आणि ती संपल्यावर वेग किती उरतो, बसवण्याचा खर्च, राउटर तुमचा की भाड्याचा, अनामत परत कशी मिळते. फायबरला मर्यादा बहुधा ३,३०० जीबी असते, ती घरगुती वापरात संपत नाही. हवेतून येणाऱ्या फाइव्ह-जी जोडणीला सहसा १,००० जीबी, तिथे दोन टीव्ही असतील तर मोजायला हवं. ओटीटीसकट पॅकेज घेताना त्यातली किती ॲप तुम्ही नाहीतरी विकत घेतली असती, तेवढीच किंमत धरा.

वार्षिक पैसे भरले की एखादा महिना फुकट, ही सवलत खरी असते. पण पहिले दोन-तीन महिने महिन्याचेच भरा, त्यात एक पावसाळी महिना आला तर उत्तम. गल्लीतल्या केबलवाल्याचा दर कमी असतो आणि माणूस हाकेवर असतो, पण त्याने जोडणी दुसऱ्याला विकली तर वर्षाचे आगाऊ पैसे कुणाकडे मागायचे हा प्रश्न उरतो. सगळ्यात खरी माहिती त्याच विंगमधले शेजारी देतात: गेल्या पावसात किती दिवस बंद होतं आणि माणूस किती दिवसांनी आला.

बसवायला माणूस येतो त्या दिवशी

फायबरच्या डब्याची जागा तुम्ही ठरवा. दारामागे चपलांच्या कपाटात तो बसवला की तंत्रज्ञाची तार वाचते आणि तुमच्या आतल्या खोलीत रेंज पोचत नाही. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, टीव्ही आणि फ्रिजपासून दूर. जास्तीची तार गुंडाळताना वेटोळं बांगडीपेक्षा लहान नको आणि कोपऱ्यावर तार दुमडून खिळा मारू देऊ नका. तारेच्या आतल्या काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, तो वाकला की प्रकाश बाहेर गळतो. नेट बंद पडत नाही, फक्त मधूनमधून अडखळतं आणि कारण सापडत नाही. हिरव्या कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणानेही तेच होतं.

तंत्रज्ञाकडे तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर असतो. आकडा उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान हवा. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल आणि पुढच्या पावसात लाल दिवा लागेल. त्याला जाण्यापूर्वी जोड पुन्हा करायला सांगा, नंतर तक्रार क्रमांक घेऊन थांबावं लागतं. आकड्याचा फोटो काढून ठेवा.

मग वेग तपासा, आधी लॅन केबलने आणि नंतर वायफायवर. केबलवर पूर्ण येतो आणि मोबाइलवर येत नाही, तर लाइन ठीक आहे. मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला असेल, जिथे शेजाऱ्यांची पंधरा वायफाय गर्दी करून असतात. ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवा आणि टीव्ही त्यावर घ्या. केबलवरच ९४-९५ ला अडकत असेल, तर केबलमध्ये आठऐवजी चारच तारा जोडल्या असतील किंवा पोर्ट जुना असेल. पॅकेज वाढवून तो आकडा हलणार नाही.

वीज जाते तिथे लोक बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतात. आधी बघा, इमारतीत नेटवाल्याचा स्विच आहे का. असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर तुमचा डबा चालू राहील आणि नेट बंदच असेल. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच यूपीएस घ्या.

सहलीला निघण्याच्या आठवड्यात दोन्ही हिशेब पुन्हा एकदा भेटतात. तारकर्लीत कोणत्या कंपनीची रेंज येते, हे खोलीवाल्याला विचारा. किनाऱ्यावर यूपीआय अडकतं, म्हणून पाचेक हजार रोख जवळ ठेवा आणि तिकिटं मोबाइलमध्ये उतरवून घ्या. घरच्या नेटचा प्रीपेड रिचार्ज तुमच्या गैरहजेरीतच संपत असेल तर आल्यावर करा, पाच दिवसांचे शंभरेक रुपये वाचतात. दाराबाहेर वायफायवर चालणारा कॅमेरा लावला असेल तर मात्र रिचार्ज आधी करा.